सिफतींचा अभ्यास मराठीतून कसा करावा

मकतबमध्ये, म्हणजे मुलांच्या दीनी शाळेत, कायदा (अरबी वाचन शिकवणारे पहिले पुस्तक) संपत आला की मुले ईमान-ए-मुज्मल, म्हणजे श्रद्धेची थोडक्यात कबुली, पाठ करतात: ‘आमन्तु बिल्लाहि कमा हुव बिअस्माइही व सिफातिही...’ म्हणजे अल्लाह जसा आहे तसा, त्याच्या नावांसह आणि त्याच्या सिफतींसह, मी मानला. सात-आठ वर्षांचे लेकरू हे एका दमात म्हणून दाखवते. पण त्या सिफती, अल्लाहचे ते गुण, कोणते आणि ते मानायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे पन्नाशीतल्या माणसाला विचारले तरी तो इमामसाहेबांकडे बघतो. रोज कबूल करतो ती गोष्ट समजून घ्यायचा आपल्याला हक्क आहे, आणि ती समजण्यासारखी आहे.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. असरच्या (दुपार कलल्यावरच्या) नमाजनंतर गल्लीतल्या मुली माझ्या ओसरीवर नाजरा, म्हणजे कुरआन पाहून वाचणे, शिकायला येतात. घरी त्या आमची वऱ्हाडी वळणाची हिंदी बोलतात, शाळेत मराठी शिकतात. उर्दू त्यांना ऐकून कळते, वाचता येत नाही. म्हणून अकीद्याच्या (श्रद्धेच्या) गोष्टी मी मराठीतच सांगते, आणि मुलींना शिकवताना जी वाट सोपी पडली तीच इथे लिहिते आहे.

आधी एक दोनशेपानी वही घ्या आणि कुरआनमधल्या चार जागा स्वतः वाचून काढा. घरात ज्या भाषेतले भाषांतर असेल ते चालेल. पहिली जागा सूरह इख्लास (112वा अध्याय), चारच आयती (वचने): तो एक आहे, तो कुणावर अवलंबून नाही, त्याला अपत्य नाही आणि तो कुणाचे अपत्य नाही, त्याच्या बरोबरीचा कुणी नाही. दुसरी आयतुल कुर्सी (2:255). तिसरी सूरह हश्रचा शेवट (59:22 ते 24), जिथे नावांमागून नावे येतात. चौथी सूरह शूराची अकरावी आयत (42:11). वाचताना वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. अल्लाह काय आहे असे सांगितले ते एका बाजूला, तो काय नाही असे सांगितले ते दुसऱ्या बाजूला. आयतुल कुर्सीत लगेच दिसेल: ‘तो जिवंत आहे, सगळ्यांना सांभाळून धरणारा आहे’ हे इकडे, ‘त्याला डुलकी लागत नाही की झोप येत नाही’ हे तिकडे. दोन्ही बाजू भरत जातात. एकच बाजू भरलेली कुठेही सापडत नाही, हे मुलींना स्वतःच्या हाताने लिहिल्यावर जितके पटते तितके सांगून पटत नाही.

चौथ्या जागेची आयत मात्र वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात उतरवा, कारण पुढचा सगळा अभ्यास तिच्या पोटात आहे: ‘त्याच्यासारखे काहीही नाही, आणि तो ऐकणारा, पाहणारा आहे.’ पहिला अर्धा भाग नाकारतो, दुसरा मान्य करतो. नुसता पहिला धरला तर अल्लाहविषयी बोलण्यासारखे हळूहळू काहीच उरत नाही, दुआ कुणापुढे मागतो आहोत हेही कळेनासे होते. उलेमा (धर्माचे जाणकार) याला तातील म्हणतात, म्हणजे सिफती रिकाम्या करून टाकणे. नुसता दुसरा धरला तर आभाळात बसलेला एक मोठा माणूस मनात तयार होतो. ती तश्बीह, म्हणजे निर्माण केलेल्या वस्तूंशी त्याचे साम्य लावणे. या विषयावर जितके गट एकमेकांशी भांडले, त्यातल्या बहुतेकांना हे दोन्ही टाळायचेच होते. कुणाला पहिल्याचे भय जास्त होते, कुणाला दुसऱ्याचे. हे ध्यानात ठेवून वाचलेत तर एकाही गटाविषयी मनात कडवटपणा येणार नाही, आणि माझ्या मते या अभ्यासात तेच सगळ्यात जास्त जपायला हवे.

इथे मराठी वाचकाचा पाय एका ठिकाणी हमखास अडकतो. आमच्या शेजारच्या माळकरी काकू मुलींचे ऐकून म्हणाल्या, ‘मंग बाई, तुमचा अल्ला निर्गुन-निराकार हाये म्हना ना.’ निराकार, हे ठीक. निर्गुण मात्र नाही. तो जाणतो, इच्छितो, ऐकतो, दया करतो, आणि हे सगळे खरोखरच त्याचे आहे. समजायला सोपे जावे म्हणून आपण त्याच्यावर चढवलेले नाही. आणि म्हणून तो सगुणही होत नाही, कारण त्या सिफतींना रूप नाही, मूर्ती नाही, देह नाही. काकूंच्या पंथातले सगुण-निर्गुण फार खोल आहे, त्याचा स्वतःचा हिशोब आहे. तो हिशोब इथे लावू नका, आणि इथला तिथे लावू नका.

दुसरी पायरी सात सिफतींची: हयात, इल्म, इरादा, कुदरत, समा, बसर, कलाम. म्हणजे जिवंत असणे, जाणणे, इच्छिणे, सामर्थ्य, ऐकणे, पाहणे, बोलणे. बसऱ्याचे अबुल हसन अश्अरी (निधन 936) यांच्या परंपरेत या सात सिफती पायाभूत मानल्या जातात. पाठ करण्याआधी त्यांचा क्रम विचाराने लावून पाहा. जगात रचना दिसते, तेव्हा करणारा जाणणारा असला पाहिजे. जग असेच का, वेगळे का नाही? कारण त्याने असे इच्छिले. इच्छिले ते झाले, तेव्हा सामर्थ्य आले. जो जाणतो, इच्छितो आणि करू शकतो, तो जिवंत असणारच. चार सिफती अशा अकलेच्या वाटेने सापडतात. ऐकणे, पाहणे आणि बोलणे या तिघांसाठी उलेमांनी मुख्य आधार वहीचा, म्हणजे अल्लाहने स्वतः सांगितले त्याचा घेतला. पुढे पंधराव्या शतकात इमाम सनूसींनी (निधन 1490) वीस सिफतींची यादी केली. तीत अनादि असणे, अनंत असणे, कुणासारखे नसणे, स्वयंपूर्ण असणे, एक असणे अशा नाकारातून कळणाऱ्या सिफतीही आल्या. ती यादी चांगली आहे, पण सुरुवातीला सात पुरेत.

आता सगळ्यात कामाचा सराव. सूरह दहरच्या दुसऱ्या आयतीत (76:2) अल्लाह म्हणतो की आम्ही माणसाला ‘ऐकणारा, पाहणारा’ केले. शूराच्या आयतीत हेच शब्द अल्लाहसाठी आहेत. मग फरक काय? मुलींना मी हे आधी शोधायला लावते. आपले पाहणे उजेडावर, डोळ्यावर, अंतरावर अवलंबून असते. दिलेले असते, आणि मोतीबिंदू झाला की जाते. अल्लाहचे पाहणे कशावरच अवलंबून नाही आणि कुणी दिलेले नाही. इमाम अबू हनीफांच्या (निधन 767) नावाने चालत आलेल्या अल-फिक्ह अल-अकबर या पुस्तिकेत हे अगदी थोडक्यात आहे: तो जाणतो, पण आपल्या जाणण्यासारखे नाही, तो पाहतो, पण आपल्या पाहण्यासारखे नाही, तो बोलतो, पण आपल्या बोलण्यासारखे नाही. हीच चाल घेऊन सातही सिफती वहीत लिहा आणि प्रत्येकीपुढे आपल्यापेक्षा ती कशी वेगळी हे एका ओळीत मांडा. ज्याला ही सात वाक्ये स्वतःच्या शब्दांत लिहिता आली, त्याचा अर्धा अभ्यास झाला.

या सिफती म्हणजे खुद्द अल्लाहच, की त्याच्याहून वेगळ्या काही? प्रश्न कोरडा वाटेल, पण यावरून मोठी फूट पडली. आठव्या शतकात बसऱ्यात वासिल इब्न अता (निधन 748) यांच्यापासून मुतजिला हा विचारवंतांचा गट सुरू झाला. त्यांचे म्हणणे असे: ज्ञान, सामर्थ्य यांना अल्लाहहून वेगळे आणि तरीही अनादि मानले, तर अनादि गोष्टी अनेक झाल्या, मग तौहीद (अल्लाहचे एकत्व) कुठे राहिली? म्हणून तो जाणतो ते त्याच्या ज़ातनेच (ज़ात म्हणजे मूळ सत्ता, मराठीतली जात नव्हे), खुद्द स्वतःनेच; ज्ञान ही निराळी वस्तू नाही. अश्अरींनी उत्तर दिले की सिफती ‘ना तोच आहेत, ना त्याच्याहून वेगळ्या’. त्यांना ज़ातपासून तोडता येत नाही, आणि ज़ात म्हटले की सगळे सांगून झाले असेही नाही. पहिल्या वाचनात हे उत्तर टाळाटाळीचे वाटते. मला तसे वाटत नाही, कारण शूराच्या आयतीचे दोन्ही अर्धे त्यात शाबूत राहतात. बारा इमामी शिया उलेमा मात्र सिफती आणि ज़ात एकच मानतात. आपल्याकडच्या शहरांत हार्डवेअरची दुकाने चालवणारे बोहरा ज्या फातिमी इस्माईली परंपरेतले आहेत, तिचे जुने विचारवंत आणखी पुढे गेले: अल्लाहला सिफत आहे म्हणू नये, आणि सिफत नाही असेही म्हणू नये, तो दोन्हींच्या पलीकडे आहे.

कलामच्या सिफतीवरून तर माणसांना फटके बसले. कुरआन अल्लाहचे बोलणे असेल तर ते निर्माण केलेले आहे की अनादि? 833 मध्ये बगदादचा खलिफा मामून याने मुतजिलांचे मत, म्हणजे कुरआन निर्माण केलेले आहे, हे काजी आणि आलिमांवर सक्तीचे केले. इमाम अहमद इब्न हंबल (780–855) बधले नाहीत. त्यांना कैद झाली आणि पुढचा खलिफा मुतसिमच्या काळात चाबकाचे फटके बसले. खलिफा मुतवक्किलने नंतर ही सक्ती उठवली. मुलींचा प्रश्न साधा असतो: ‘आपा, मग आमचा मुस्हफ (कुरआनची प्रत) छापखान्यात छापला तो?’ अश्अरींच्या आणि समरकंदच्या मातुरीदींच्या परंपरेतल्या उलेमांचे उत्तर असे की कागद, शाई, आपला आवाज हे निर्माण केलेले आहे. त्यातून जे वाचले जाते ते अल्लाहचे बोलणे निर्माण केलेले नाही.

यानंतरच ‘हात’, ‘चेहरा’, ‘अर्शवर इस्तिवा’ (शब्दशः सिंहासनावर आरूढ होणे) या आयतींकडे या. आधी येऊ नका, मुले चित्र रंगवून बसतात. सूरह फतह (48:10) म्हणते, अल्लाहचा हात त्यांच्या हातांवर आहे. सूरह सादमध्ये (38:75) आदमविषयी येते, ज्याला मी माझ्या दोन हातांनी निर्माण केले. सूरह ताहा (20:5) म्हणते, रहमानने अर्शवर इस्तिवा केला. इथे तीन वाटा आहेत. पहिली तफवीज: शब्द मानायचा, त्याचा अर्थ अल्लाहवर सोपवायचा आणि पुढे जायचे. दुसरी तावील: अरबी भाषेला धरून हात म्हणजे सामर्थ्य किंवा कृपा, असा अल्लाहला शोभेल तो अर्थ लावायचा. नंतरच्या अश्अरी आणि मातुरीदी उलेमांनी ही वाट बरीच वापरली. तिसरी इस्बात: शब्दाचा उघड अर्थ मान्य करायचा, पण ‘कसा’ हे विचारायचे नाही. दमास्कसचे इब्न तैमिया (1263–1328) या वाटेचे मोठे वकील, आणि आपल्याकडचे अहले हदीस साधारण याच वाटेने जातात. तावीलवर त्यांचा प्रश्न बिनतोड आहे: सादमधले ‘दोन हात’ म्हणजे दोन सामर्थ्ये का? तावीलवाल्यांचा प्रश्नही तितकाच बिनतोड: उघड अर्थ म्हणता, तर ऐकणाऱ्याच्या मनात अवयवाखेरीज दुसरे काय येणार?

मदिन्याचे इमाम मालिक (निधन 795) यांना कुणी इस्तिवाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर तिन्ही वाटांचे लोक आपापल्या बाजूने सांगतात: इस्तिवा माहीत आहे, कसा ते अकलेत येत नाही, त्यावर ईमान वाजिब (बंधनकारक) आहे आणि त्याविषयी खोदून विचारणे बिदअत (धर्मात नवीन काढलेली गोष्ट) आहे. आम्ही हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांच्या मागे चालणारे. वर सांगितलेल्या अल-फिक्ह अल-अकबरमध्ये तर स्पष्टच आहे की हात म्हणजे सामर्थ्य असे म्हणू नये, कारण त्याने सिफतच रद्द होते. म्हणून लहान मुलांपुढे मी पहिली वाट घेते. ‘अल्लाले हात हायेत का?’ असे कुणी विचारलेच तर उत्तर एवढेच: कुरआनमध्ये आहे म्हणून मानतो, आपल्यासारखा नाही, कसा ते आपल्याला सांगितलेले नाही. तीन वाक्ये. चौथे जोडू नका.

या वाटांचे मूळ एका थांबण्यात आहे, ते मुस्हफ उघडून दाखवा. सूरह आले इमरानची सातवी आयत (3:7) म्हणते की काही आयती मुहकम, म्हणजे स्पष्ट आहेत, आणि काही मुतशाबिह, म्हणजे ज्यांचा अर्थ उघड नाही अशा. आणि त्यांचा खरा अर्थ अल्लाहखेरीज कुणी जाणत नाही. आपल्याकडे छापलेल्या मुस्हफमध्ये इथे ‘इल्लल्लाह’वर छोटी मीम असते, सक्तीच्या थांब्याची खूण. नाजरा शिकणाऱ्या मुलींना ती लगेच सापडते. काही मुफस्सिर (कुरआनचे भाष्यकार) मात्र इथे न थांबता पुढचे शब्द जोडून वाचतात: अल्लाह आणि ज्ञानात पक्के असलेले लोक जाणतात. तसे वाचले की तावीलचे दार उघडते. आपल्या ओसरीवरच्या मुस्हफमधली एवढीशी खूण या मोठ्या वादात कुठल्या बाजूला उभी आहे, हे कळले की मुली मनापासून ऐकू लागतात.

वहीच्या मागच्या पानावर चार इशारे लिहून ठेवा. इब्न तैमियांनी ते एकत्र दिले, पण कुठल्याही वाटेने जाणाऱ्याला उपयोगी पडतात: तहरीफ नको (शब्द किंवा अर्थ मोडू नका), तातील नको (रिकामे करू नका), तकयीफ नको (कसे ते ठरवू नका), तम्सील नको (कशासारखे ते सांगू नका). तावील ही तहरीफ होते का, यावर वाद आहे. बाकी तिन्हींवर जवळपास एकमत सापडेल.

शेवटचा इशारा शिकवणाऱ्यांना जास्त लागू आहे. मूल गप्प बसले की आपण घाईने दाखला देतो. सूरह नहल (16:74) सांगते, अल्लाहसाठी दाखले देत बसू नका. नूरचा दाखला (24:35) त्याने स्वतः दिला, तो त्याचा अधिकार.

हे कुठे बोचते ते तकदीरच्या प्रश्नात दिसते. 2017 साली गुलाबी बोंडअळीने आमच्या भागातला कापूस खाल्ला, त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात शेतमजूर मेले, आणि कर्जाने जीव देणाऱ्यांची बातमी इथे नवी नाही. अशा घरातले कुणी विचारते, ‘हे अल्लाहला आधीच माहीत होते ना? मग त्यानेच केले ना?’ यावर बरेच जण शिक्षकाचा दाखला देतात: कोणता पोरगा नापास होणार हे मास्तरला आधी माहीत असते, म्हणून मास्तरने त्याला नापास केले असे होत नाही. मी आयुष्यभर शिकवले आहे, आणि हा दाखला मला अपुरा वाटतो. मास्तरचे जाणणे अंदाज असतो आणि मास्तरने पोराला निर्माण केलेले नसते. दाखल्याऐवजी सिफती वेगवेगळ्या ठेवा. इल्म उघड करते, ढकलत नाही. इरादा आणि रिजा (राजी असणे) या दोन निराळ्या आहेत: अहले सुन्नतच्या (सुन्नींच्या) मते जे घडते ते त्याच्या इराद्याबाहेर नाही, पण जे घडते त्या सगळ्यावर तो राजी नाही. सूरह जुमर (39:7) म्हणते, तो आपल्या बंद्यांसाठी कुफ्र (अल्लाहला नाकारणे) पसंत करत नाही; तरीही कुफ्र जगात आहे. माणसाकडे निवड आहे आणि तिचा जाब आहे. कृती अस्तित्वात आणणारा अल्लाह आहे. मुतजिलांना हे पुरेसे वाटले नाही. त्यांच्या मते माणूस स्वतःच्या कृती स्वतः घडवतो, नाहीतर अल्लाहच्या न्यायाला अर्थ उरत नाही. त्यांच्या उत्तराशी मी सहमत नाही, पण त्यांचा प्रश्न जिवंत आहे आणि मुलींपुढे तो लपवत नाही.

मात्र ज्या घरात मयत झाली आहे तिथे इराद्यावर बोलू नका. तिथे डबा घेऊन जा, बसा, चुलीकडचे काम हाती घ्या. काही दिवसांनी कुणी स्वतः विचारलेच तर सूरह निसाची 29वी आयत वाचा: ‘स्वतःचा जीव घेऊ नका, निःसंशय अल्लाह तुमच्यावर दया करणारा आहे.’ ती मनाई दयेच्या सिफतीवर संपते. त्याच्या जोडीला सूरह अनआमची 54वी आयत: त्याने दया स्वतःवर लिहून घेतली आहे. आणि बुखारी-मुस्लिम या दोन संग्रहांमधली हदीस (पैगंबरांनी सांगितलेले वचन), माझी दया माझ्या क्रोधापुढे गेली आहे. आमच्या हनफी मजहबात (पंथात) स्वतःचा जीव दिलेल्या माणसाचीही जनाज्याची नमाज होते, हेही त्या घराला कळू द्या. पुष्कळांना ते माहीत नसते.

समरकंदचे अबू मन्सूर मातुरीदी (निधन 944) यांचे नाव आपल्या मौलानांच्या सनदेत येते, पण त्यांचे वेगळेपण कुणी सांगत नाही. सातांच्या जोडीला त्यांनी तक्वीन, अस्तित्वात आणण्याची सिफत, अनादि मानली. अश्अरींच्या मते निर्माण करणे, रिज्क (रोजी) देणे या कृती आहेत, त्या अनादि नाहीत. सोपा प्रश्न असा: खाणारा कुणी नव्हता तेव्हाही तो रज्जाक, म्हणजे रिज्क देणारा, होता का? इजिप्तचे इमाम तहावी (निधन 933) उत्तर देतात की सृष्टी निर्माण केल्यानंतर त्याला निर्माता हे नाव मिळाले असे नाही. पेरणी करून आभाळाकडे बघणाऱ्या माणसाला हे वाक्य मी मुद्दाम सांगते. पाऊस लांबला म्हणून रज्जाकचे नाव पुसले जात नाही.

सगळ्यात शेवटी नावे. सूरह आराफ (7:180) म्हणते, सर्वांत सुंदर नावे अल्लाहची आहेत, त्यांनी त्याला हाक मारा. सिफतींचा अभ्यास दुआपर्यंत पोचायचा तो याच आयतीमुळे. 99 नावांची हदीस पैगंबरांचे सोबती अबू हुरैरा यांच्याकडून बुखारी-मुस्लिममध्ये आहे, पण तिथे यादी नाही. प्रसिद्ध यादी तिर्मिजींच्या हदीस-संग्रहात आहे आणि खुद्द तिर्मिजींनी त्या रिवायतीला गरीब, म्हणजे एकट्या वाटेने आलेली, म्हटले आहे. बाजारातून आणलेल्या 99 नावांच्या चौकटीत ‘रब’ (पालनकर्ता) शोधून पाहा. त्या यादीत ते नाव नाही, आणि नमाजमधल्या सूरह फातिहात आपण रोज तेच घेतो. म्हणून नावे 99 वर संपतात असे समजू नका.

काही नावे माणसाला लागत नाहीत. गावात ‘ए रज्जाक’, ‘ए रहमान’ अशी हाक सर्रास मारतात. अब्दुल रज्जाक, अब्दुल रहमान असे पूर्ण नाव घ्यायची सवय लावा. रहीम आणि रऊफ यांचे तसे नाही, कुरआननेच (9:128) हे शब्द पैगंबरांसाठी वापरले आहेत.

आठवड्याला एकच नाव घ्या. ते कुरआनमध्ये कुठे येते ते काढा आणि त्याच्या आधीचे पूर्ण वाक्य वहीत लिहा, कारण नाव बहुधा आयतीच्या शेवटी येते आणि आयत त्या नावाचा अर्थ उलगडते. माझ्या मुली सध्या ‘लतीफ’ (बारीकसारीक जाणणारा, मायाळू) या नावावर आहेत. सूरह मुल्क (67:14): ज्याने निर्माण केले तोच जाणणार नाही का? सूरह लुकमान (31:16): मोहरीच्या दाण्याएवढी वस्तू खडकात, आकाशात किंवा जमिनीत कुठेही असली तरी अल्लाह ती आणून हजर करील. सूरह शूरा (42:19): तो आपल्या बंद्यांशी लतीफ आहे, हव्या त्याला रिज्क देतो. तिन्ही एकाखाली एक लिहा, आणि पहिल्या दोन जागी ‘लतीफ’सोबत ‘खबीर’ (सगळ्याची खबर असणारा) का येते आणि तिसऱ्या जागी का येत नाही, ते घरातल्या मुलांना विचारा.